वाचता येतं, लिहिता येत नाही

सोमवारी सकाळी लियानचा डोळा लागला आणि त्याच क्षणी दारावरची बेल वाजली. पुढचं ठरलेलंच होतं. विजदानने आठ महिन्यांच्या रडक्या लेकीला कडेवर घेतलं आणि दार उघडलं. दारात अब्ला सालिहा, तिच्या शाळेतल्या मोठ्या बाई, उभ्या होत्या. एका हातात पुदिन्याच्या चहाचा थर्मास, दुसरा हात छातीशी, आणि त्या हाताखाली घट्ट दाबलेली हिरवी मखमली पिशवी.

विजदान नकळत ताठ झाली. शाळा सुटून बारा वर्षं झाली होती, लग्न झालं होतं, पोर झालं होतं. पण मुख्याध्यापिका त्या मुख्याध्यापिकाच. जेद्दाच्या या भागातल्या निम्म्या बायका अब्लांच्या शाळेतून बाहेर पडल्या होत्या, आणि अजूनही बाजारात त्या दिसल्या की तोंडातलं च्युइंगगम गिळून टाकत.

"तोंडातलं काढ आधी," अब्ला म्हणाल्या.

"माझ्या तोंडात काही नाही, अब्ला."

"तुझ्या नव्हे, बिंती. तुझ्या लेकीच्या." शाळेतली प्रत्येक मुलगी अब्लांना 'बिंती', म्हणजे 'पोरी', होती; नावाने त्या कुणालाच हाक मारत नसत.

लियानच्या तोंडातून पेन ड्राइव्हचं टोपण निघालं. विजदानने ते निमूटपणे खिशात टाकलं. सहा वर्षांत एवढी बरी सुरुवात कुठल्याच कामाची झाली नव्हती.

काम म्हणजे लग्नाच्या फिल्म कापून जोडून देण्याचं, तेही फक्त बायकांच्या रात्रींच्या. नवरीला मेंदी लागते त्या घुम्र्याच्या रात्री हॉलमध्ये पुरुषाची सावलीही पडत नाही. दाराशीच सगळ्यांचे फोन टोपलीत जमा होतात, अबाया खुंट्यांना लागतात, आणि आत दीडशे बायका केस मोकळे सोडून मनाला येईल तशा नाचतात. कॅमेरा एकच, तोही बाईच्याच हातात. रात्र सरली की कॅमेरावाली सगळं चित्रण घरच्यांच्या डिस्कवर उतरवते आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईच्या डोळ्यांदेखत आपली कार्डं पुसून टाकते. एक घुम्रा, एक डिस्क. चित्रण करणारीने स्वतःकडे काही ठेवायचं नाही, जोडणारीने तर नाहीच. या एका वचनाच्या भरवशावर त्या दीडशे जणी नाचलेल्या असतात. विजदानने ते इतकं काटेकोर पाळलं होतं की तिची फिल्म कशी असते हे लोक नंतर सांगत. तिच्या यंत्रात मागे काही उरत नाही, हे आधी.

म्हणून तर काम चालू असेतो घरचं कुणीतरी येऊन बसे. पहाराच म्हणा. अब्लांनी सोफ्याचा कोपरा धरला, चहा ओतला आणि पिशवीतून डिस्क काढून मांडीवर ठेवली. त्यांची भाची रहाफ हिच्या घुम्र्याची डिस्क होती ती. लग्नाला पाच आठवडे झाले होते.

"गुरुवारी बहीजा इस्पितळातून घरी येते," अब्ला म्हणाल्या.

बहीजा म्हणजे रहाफची आई, अब्लांची भावजय. पुढचं अब्लांनी परीक्षेचा निकाल वाचावा तशा आवाजात सांगितलं. बहीजाच्या घशात गाठ होती. घुम्र्याच्या आधीच कळलं होतं. पण पोरीच्या हाताला मेंदी लागू दे, मग काय कापायचं ते कापा, असं म्हणून तिने डॉक्टरांना थोपवून धरलं होतं. घुम्रा झाला आणि दहाव्या दिवशी तिला आत नेलं. गाठ गेली, जीव वाचला. आवाज मात्र गाठीबरोबर गेला, आणि तो आता परत यायचा नव्हता. सध्या ती पाटीवर लिहून बोलत होती.

"त्या रात्री दफ घेऊन गायली ती," अब्ला म्हणाल्या. "फोनवर तिचे चार निरोप आहेत. टोमॅटो आण, फोन का उचलत नाहीस, असले. गाणं फक्त यावर आहे. रहाफला ते गुरुवारी आईला दाखवायचंय."

मग चहाचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "तीस वर्षं डोकं खाल्लं माझं त्या आवाजाने. वाटलं होतं, पुढची तीसही खाईल."

विजदानने लियानला जमिनीवर उशांच्या कोंडाळ्यात बसवलं, हातात लाकडी चमचा दिला आणि डिस्कची वायर यंत्राला जोडली.

यंत्र नवं होतं. जुना विंडोजवाला कंप्युटर रमजानमध्ये एका संध्याकाळी, इफ्तारच्या सुमाराला, धूर सोडून थंडावला. त्याच्या जागी विजदानने मॅक घेतला, अर्धी शिल्लक ओतून. त्यावरचं हे पहिलं घुम्र्याचं काम. डिस्क पडद्यावर उमटली, आत सगळी चित्रणं ओळीने दिसली. एक उघडून पाहिलं, छान चाललं. अब्लांनी मान दुसरीकडे वळवली. बहीजाच्या आधी आपण काही पाहणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

जुनी रीत अशी की जे करायचं ते डिस्कवरच करायचं. तुकडे, जोडणी, तयार फिल्म, सगळं तिच्यावरच उतरवायचं, यंत्रात काही आणायचंच नाही. विजदान डिस्कवर नवा फोल्डर करायला गेली. होईना. एक फाइल टाकून पाहिली. डिस्कने घेतली नाही. वायर बदलली, बाजूच्या जागेत लावून पाहिली, यंत्र बंद करून सुरू केलं. डिस्क सगळं दाखवत होती आणि काहीच घेत नव्हती.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर ती शांत झाली. मशाएल कॅमेरावालीचा लॅपटॉप विंडोजचा. तिने ही डिस्क त्याच्या पद्धतीने मांडलेली होती. त्या मांडणीतलं मॅक वाचतो, पण त्यावर एक अक्षर लिहीत नाही. बिघाड नव्हता, स्वभाव होता.

"काय झालं?" अब्लांनी विचारलं. शिक्षिकेला मुलीची पाठ बघूनही कळतं.

विजदानने सांगितलं. तांत्रिक बोलली असती तर अब्लांनी उडवून लावलं असतं, म्हणून एका वाक्यात सांगितलं: "या यंत्राला तुमच्या डिस्कवरचं वाचता येतं, लिहिता येत नाही."

अब्लांचा कप ओठांपाशीच थांबला. "म्हणजे माझ्या आईसारखं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आईला लहानपणी गल्लीतल्या फकीहाकडे कुराण वाचायला घातलं होतं. वाचायला, लिहायला नव्हे. पोरींच्या हाती लेखणी दिली तर त्या पत्रं लिहितील, अशी भीती होती तेव्हा. "सगळं कुराण घडाघडा वाचायची. सही करायची वेळ आली की अंगठा. तेव्हा त्यात नवल नाही. उपाय सांग."

उपाय तीन होते. पहिला मशाएलने फोनवर दिला. विजदानने आधी पुसलेल्या कार्डांवरून काही परत मिळेल का, हे विचारलं, तर त्यांच्यावर एव्हाना दोन लग्नं चढली होती. मशाएल म्हणाली, अगं सोपंय, ती डिस्क पुसायची आणि दोन्हीकडे चालेल अशी मांडायची, दोन मिनिटांचं काम. मग तिलाच आठवलं की पुसलं म्हणजे पुसलं, आणि तिने तो उपाय मागे घेतला.

दुसरा उपाय, मॅकला त्या डिस्कवर लिहायला शिकवणारा प्रोग्रॅम घालायचा. मिळतो, चालतो, कित्येक जण वापरतात. अब्लांना तो पसंत पडला. विजदानने मान हलवली.

"अब्ला, हिशेबाचे कागद असते तर मीही तेच केलं असतं. ही एकुलती एक प्रत आहे. नव्याने लिहायला शिकलेल्या हाताला मी पहिलं अक्षर हिच्यावर गिरवू देणार नाही."

"आणि तिसरा?"

तिसरा विजदानला पहिल्यापासून माहीत होता. अब्ला तो ऐकून काय म्हणतील, तेही माहीत होतं. नवी डिस्क आणायची, विंडोजलाही चालेल आणि मॅकलाही चालेल अशी मांडायची. जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवून घ्यायचं आणि पुढचं काम तिच्यावर करायचं. जुनीला हात लावायचा नाही.

"म्हणजे दोन डिस्क."

"दोन. दोन्ही तुमच्याच घरी जातील."

"नाही."

अब्लांनी आवाज चढवला नाही. त्यांना कधी चढवावा लागलाच नव्हता. त्या रात्री हॉलच्या दाराशी फोनांची टोपली घेऊन आपण स्वतः उभ्या होतो, हे त्यांनी सांगितलं. पहिल्या पाहुणीपासून शेवटचीपर्यंत, एकशे सत्तेचाळीस फोन. प्रत्येकीला आपल्या तोंडाने सांगितलं होतं, चित्रण एकच राहील आणि ते बहीजाच्या कपाटात राहील. "एकशे सत्तेचाळीस बायकांना मी एक सांगितलंय, बिंती. आता दोन कुठून आणू?"

अब्ला चुकत नव्हत्या. अब्लांनी डिस्क पिशवीत घातली, थर्मास उचलला आणि उद्या येते म्हणून निघाल्या.

दुपारी नवरा गस्सान बंदरावरच्या कचेरीतून जेवायला आला तेव्हा त्याने सगळं ऐकलं. माझ्या कचेरीत दहा विंडोजचे कंप्युटर पडलेत, दे, पाच मिनिटांत करून आणतो, असं तो म्हणाला. विजदानने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. एकशे सत्तेचाळीस बायका मोकळ्या केसांनी नाचतायत, ती डिस्क बंदरावरच्या कचेरीत.

"मी तोंड भिंतीकडे करून बसेन," गस्सान म्हणाला.

"जेव."

मंगळवारी अब्ला अकराला आल्या. या खेपेला पिशवीबरोबर एक नवं खोकंही होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. आत कोरी डिस्क होती, कालच्याहून मोठी.

"बहीजाला विचारलं काल," त्या म्हणाल्या. "तिने पाटीवर लिहिलं: तू एक म्हणालीस तेव्हा माझ्या गळ्यात आवाज होता."

एवढं सांगून त्या सोफ्यावर बसल्या आणि बराच वेळ पिशवीच्या नाडीची गाठ सोडत राहिल्या. सुटलेली गाठच पुन्हा पुन्हा सोडत होत्या. मग त्यांनी आपल्या अटी सांगितल्या. काम होईल ते त्यांच्या देखत. त्या उठल्या की दोन्ही डिस्क त्यांच्याबरोबर उठतील, मग स्वयंपाकघरात जायचं असो की घरी. एक घटकाही डिस्क यंत्रापाशी एकट्या राहणार नाहीत. विजदानने सगळ्याला हो म्हटलं. नंतर तिला वाटलं, तिथेच एक वाक्य जास्तीचं बोलायला हवं होतं. पण लियानने तेवढ्यात चमच्याने चहाचा कप आडवा केला, आणि ते वाक्य फडक्याबरोबर वाहून गेलं.

नवी डिस्क दोन्ही यंत्रांना चालेल अशी मांडायला मिनिटही लागलं नाही. विजदानने जुनीवरचं सगळं निवडलं आणि नवीवर सोडलं. पडद्यावर निळी रेघ सरकायला लागली. तीन तास लागतील, असं यंत्र म्हणालं. साडेअकरा वाजले होते.

लियान रडायला लागली. तिच्या जेवणाची वेळ झाली होती. अब्ला म्हणाल्या, जा तू, मी आहे. विजदान तिला घेऊन स्वयंपाकघरात गेली. भोपळा उकडून ठेवलेला होता. तो कुस्करून, गार करून, चमचा चमचा भरवत ती बसली. अर्धा भोपळा लियानच्या पोटात गेला, पाव कपाळाला लागला, उरलेला विजदानच्या बाहीला. खिडकीतून दुहराची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान ऐकू आली. तिने पुढचा चमचा भरला. दोन चमचे गेले, तिसरा अर्ध्यावर थांबला.

अब्ला नमाजाला उठल्या असणार.

ती धावतच आली. टेबल रिकामं होतं. दोन वायरी लोंबत होत्या आणि पडद्यावर सूचना आली होती, डिस्क नीट न काढता ओढून घेतल्याची. निळी रेघ गेली होती. अब्ला कोपऱ्यात नमाजाच्या चटईवर, मुसल्ल्यावर, उभ्या होत्या, आणि त्यांच्या कपाळाच्या जागेपासून वीतभर पुढे हिरवी मखमली पिशवी ठेवलेली होती, नाडी बांधून.

नमाजात कुणाला हाक मारत नाहीत. विजदान भोपळ्याने माखलेली पोर कडेवर घेऊन उभी राहिली. चार रकात, म्हणजे नमाजाचे चार फेरे. अब्ला त्या सावकाश पढत, शाळेतही सावकाश पढत. मुली मागे उभ्या राहून कंटाळत. दुसऱ्या रकातीला विजदानने पडद्यावरची सूचना पुन्हा वाचली. बहीजाचा आवाज त्या पिशवीत होता, आणि पिशवी कुणी कशी ओढून काढली, ते पडद्यावर लिहिलेलं होतं.

तिसऱ्या रकातीला तिचं डोकं चालू लागलं. काय चाललं होतं, हे तिने एकेक करून आठवलं. नव्या डिस्कवर लिहिणं चाललं होतं. जुनीवरून फक्त वाचणं. मॅकने जुनीवर एक अक्षर लिहिलं नव्हतं, त्याला ते येतच नव्हतं. काल आपण ज्याच्या नावाने कपाळाला हात लावला, तेच आज आपल्या बाजूने उभं आहे. चौथ्या रकातीपर्यंत तिचा श्वास जागेवर आला. लियानने तिच्या गालावर भोपळ्याचा हात फिरवला.

अब्लांनी उजवीकडे सलाम फिरवला, डावीकडे फिरवला, आणि विजदानचा चेहरा बघून दुआसाठी हात उचललेच नाहीत.

"काय केलं मी?"

"अटीप्रमाणे केलंत. रेघ सरकत असताना डिस्क काढायची नाही, हे मी सांगायला हवं होतं, ते राहिलं. द्या इकडे."

तिने नवी डिस्क आधी लावली, मुद्दाम. पडद्यावर चौकट आली: ही डिस्क या कंप्युटरला वाचता येत नाही. खाली तीन बटणं. अब्लांना इंग्रजी चांगलं यायचं. त्यांनी ती ओळ वाचली आणि सोफ्याच्या हाताला धरून खाली बसल्या. थोरली शाळा चालवणारी, सहाशे मुलींना एका नजरेने गप्प करणारी बाई.

"गेलं," त्या म्हणाल्या. "मी घालवलं."

"ही कोरीच होती, अब्ला. हिच्यात जाण्यासारखं काही नव्हतंच. थांबा."

विजदानने ती काढली आणि जुनी लावली. डिस्क आतल्या आत हलकेच घुमली. एक क्षण, दोन क्षण. मग पडद्यावर ती उमटली, आणि आत सगळी चित्रणं, ओळीने, काल होती तशी. विजदानने मधलंच एक उघडलं. दफवर थाप पडली, आणि एका बाईचा भरदार, किंचित घोगरा आवाज खोलीभर पसरला. दुसऱ्याच ओळीला ती शब्द विसरली, स्वतःशी हसली, आणि मागच्या बायकांनी तिला शब्द आठवून दिला.

अब्लांनी या वेळी मान वळवली नाही. विजदानने चित्रण थांबवलं, कारण त्यांचा निश्चय तिला ठाऊक होता.

"ओढून काढली तरी हिला काही कसं झालं नाही?"

"वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, तर पुस्तकाचं काय बिघडतं? लिहिणाऱ्याच्या हातातून वही ओढली की ओळ फाटते. फाटली ती नवीवरची. काल जर मी जुनीवर लिहायचा हट्ट धरला असता—"

तिने वाक्य पुरं केलं नाही. अब्लांनी ते मनात पुरं केलं असावं. त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण चष्मा काढून पदराने, म्हणजे डोक्यावरच्या ओढणीच्या टोकाने, बराच वेळ काचा पुसत राहिल्या.

"माझ्या आईने," त्या शेवटी म्हणाल्या, "आयुष्यात एकाही पुस्तकाचं पान खराब केलं नाही."

मग त्यांनी चष्मा चढवला आणि त्या पुन्हा मुख्याध्यापिका झाल्या. काढायची योग्य रीत काय, ते त्यांनी विचारलं. विजदानने दाखवलं: पडद्यावरच्या डिस्कला निरोप द्यायचा, तिचं चित्र नाहीसं होईतो थांबायचं, मगच वायरीला हात. अब्लांनी ते स्वतः करून पाहिलं, तीनदा. तिसऱ्यांदा नीट जमल्यावर विजदानला वाटलं, आता या मला गुण देतात की काय.

नवी डिस्क पुन्हा कोरी करून मांडली आणि निळी रेघ पहिल्यापासून सुरू झाली. अब्लांनी थर्मास उघडला. त्यांच्या खांद्यावरच्या पर्समधून खजूर भरलेले, बिस्किटासारखे मामूल निघाले. ते कालपासून तिथेच होते, पण काल मिळण्याजोगं विजदानने काही केलं नव्हतं. लियानला त्यांनी मांडीवर घेतलं आणि तिच्या कपाळावरचा भोपळा खरवडून काढला. दुपार कलली. रेघ शेवटच्या बोटभर जागेत असताना असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली. विजदानने पडद्यावरून नजर काढून अब्लांकडे पाहिलं. अब्ला हलल्या नाहीत.

"नमाजाला अल्लाहने सवड दिलीय," त्या म्हणाल्या. "या वायरीला दिलेली दिसत नाही. होऊ दे तिचं."

रेघ पुरी झाली. विजदानने दोन्हीकडच्या फायली मोजल्या, प्रत्येकीचा आकार ताडून पाहिला, चार ठिकाणी उघडून ऐकलं. बरोबर होतं सगळं. जुन्या डिस्कला अब्लांनी स्वतः निरोप दिला, चित्र जाईतो थांबल्या, पिशवीत ठेवली. ती डिस्क पुन्हा बाहेर निघाली नाही.

पुढचे दोन दिवस विजदानने लियानच्या झोपेच्या मापाने काम केलं. चाळीस मिनिटं मेंदीची, पंचवीस मिनिटं नाचाची, एका दुपारी अहो आश्चर्य, दीड तास. त्या दीड तासात तिने कानांत इअरफोन घालून बहीजाचं गाणं जोडायला घेतलं; अब्ला सोफ्यावर पडद्याला पाठ करून बसल्या होत्या. जिथे शब्द विसरला ती जागा कापायचा मोह कुणालाही झाला असता. गाणं सफाईदार झालं असतं. विजदानने कात्री लावली नाही. विसरणं, हसणं, मागून आलेला शब्द, सगळं होतं तसं राहू दिलं. फक्त त्यानंतर कॅमेरा गर्दीकडे वळत होता, तिथे रहाफच्या चेहऱ्यावर आणून सोडला. आईचं गाणं ऐकताना ती ओल्या मेंदीचे हात हवेत धरून रडत होती, आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते म्हणून शेजारच्या बायका पाळीपाळीने तिचे डोळे पुसत होत्या.

लियान कुशीत होती. विजदान तिच्या कानाशी ते गाणं गुणगुणून बघत होती. तिलाही दुसरी ओळ आठवली नाही.

गुरुवारी असरनंतर फिल्म तयार झाली आणि नव्या डिस्कवर उतरली. अब्लांनी तपासणी केली. यंत्रातला प्रत्येक कप्पा उघडायला लावला, कचऱ्याची टोपली रिकामी केली, आणि ती खरंच रिकामी झाली का ते पुन्हा उघडून पाहिलं. काही उरलं नव्हतं. बहीजाने आज पाटीवर काय लिहिलं, तेही त्यांनी सांगितलं. एक डिस्क माझ्या कपाटात, दुसरी सालिहाच्या. एकाच कपाटात ठेवायच्या तर दोन कशाला केल्या. आणि एकशे सत्तेचाळीस जणींना कळवायचं काम अब्लांनी सुरूही केलं होतं, एकेकीला फोन करून, दोन झाल्या आहेत आणि दोन्ही कुठे आहेत ते. एक्याऐंशी फोन झाले होते. एकीनेही हरकत घेतली नव्हती. एकीने विचारलं होतं, तिसरी मिळेल का. तिला त्यांनी शाळेतल्यासारखं झापलं होतं.

सगळं आटपलं. अब्लांच्या अंगावर अबाया चढला. नवी डिस्क अजून वायरीला होती. अब्ला तिला निरोप द्यायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"विजदान."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

"त्या रात्री मी दाराशी होते. टोपलीपाशी. शेवटची पाहुणी येईपर्यंत मी जागा सोडली नाही. बहीजा गात होती तेव्हा दार बंद होतं, आणि आत पंखे, टाळ्या, गोंधळ. मला वाटलं, राहू दे, घरी गाईलच की कधीतरी. तिला काही गाणं थांबवता येत नाही, आपणच कंटाळू." त्या सरळ झाल्या. "तिच्या आधी बघणार नाही म्हटलं होतं मी. पाहत नाही. नुसतं ऐकवशील?"

विजदानने पडदा अर्धा खाली केला, चित्र दिसणार नाही इतका, आणि गाणं लावलं.

अब्ला अबाया घालून, पिशवी छातीशी धरून, उभ्यानेच ऐकत राहिल्या. दफ वाजला. आवाज आला, भरदार, किंचित घोगरा. दुसऱ्या ओळीला बहीजा शब्द विसरली आणि हसली, तेव्हा अब्लाही हसल्या, अगदी तशाच, जणू त्या दोघी एकाच ओट्यावर उभ्या होत्या. मागून बायकांनी शब्द सांगायच्या आधी अब्ला तो पुटपुटल्या. लियानने जमिनीवर बसून चमचा एकदा आपटला, आणि अब्लांनी तिला गप्प केलं नाही.

गाणं संपलं. अब्लांनी पडदा वर केला, डिस्कला निरोप दिला आणि चित्र नाहीसं होईतो थांबल्या. ते गेल्यावरही त्या आणखी थोडा वेळ थांबल्या. मग वायर काढली, डिस्क पिशवीत घातली आणि नाडीला दोन गाठी मारल्या.

"मगरिबच्या आधी, सूर्य बुडायच्या आत पोचायचंय," त्या म्हणाल्या. "ती वाट बघत असेल. आणि आता उशीर झाला तर ओरडायलाही येत नाही तिला, पाटीवर लिहीत बसेल."